कोल्हापुरात राहून आयटीत, पण कोडिंगशिवाय: एका डेव्हलपरला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातच कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं, पुण्याच्या कंपनीत पाच वर्षं जावा डेव्हलपर, त्यातली शेवटची दोन घरून काम, आणि आता कंपनी ऑफिसात परत बोलावतेय. कोडिंग मनापासून कधीच आवडलं नाही. त्यात एआय कोड लिहायला लागल्यापासून धाकधूक वाढली. आयटी सोडायची नाही, जमलं तर कोल्हापूरही सोडायचं नाही. मग कोडिंग नसलेली कामं कुठली, पगार किती पडेल आणि कोर्स कुठला करू?

मी वीसेक वर्षं कारखान्यांत ईआरपी, म्हणजे खरेदी, साठा, उत्पादन, हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवण्याच्या कामात आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित एमआयडीसी हा माझा पट्टा. कोड मी लिहीत नाही. डेव्हलपरची नोकरी सोडून आमच्या कामात आलेली बरीच मुलंमुली मी पाहिलीत. काही छान रुजली, काही वर्षाच्या आत परत कोडकडे गेली. त्यांच्यात काय फरक होता, त्यावरूनच हे लिहितेय.

कोडिंग नको म्हणजे नेमकं काय नको, हे आधी पाहा. पुष्कळदा वैताग कोडचा नसतोच. चालू सिस्टीम अडली म्हणून रात्री अकराला येणाऱ्या प्रॉडक्शन कॉलचा असतो, कुणीतरी सात वर्षांपूर्वी लिहून ठेवलेल्या गुंत्याचा असतो, नाहीतर सरळ मॅनेजरचा असतो. टीम बदलली की तो जातो, त्यासाठी करिअर बदलायची गरज नसते. गेल्या सहा महिन्यांत कुठल्या कामात वेळ कसा गेला ते कळलं नाही, हे आठवा. क्लायंटला स्क्रीन समजावताना? नव्या पोराला सिस्टीम शिकवताना? बग नेमका कधी येतो ते हुडकताना, पण दुरुस्त करताना नव्हे? रिलीज नोट लिहिताना? यातलं काही असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ आहे. यातलं काहीच नसेल, तर ज्या कामांची नावं मी खाली घेणार आहे तीही तुम्हाला रुचणार नाहीत.

शिवाय ही कामं हलकी असतील या समजुतीवर येऊ नका. डेव्हलपरला निदान कानाला हेडफोन लावून दोन तास कुणाशी न बोलता बसता येतं. आमच्याकडे मीटिंग हेच काम. अकाउंट्सवाले म्हणतात साठा असा मोजा, प्रॉडक्शनवाले म्हणतात तसा मोजा, मालक म्हणतात दोन्ही दाखवा, आणि मध्ये तुम्ही. ज्यांना भांडण सोसत नाही ते इथून परत गेले. टेक्निकल बाजू कच्ची म्हणून परत गेलेलं मला कुणी आठवत नाही.

आता कामांकडे. सगळ्यांना माहीत असलेलं दार म्हणजे मॅन्युअल टेस्टिंग. आत शिरायला ठीक आहे, मुक्काम करायला नाही. आज टेस्टिंगच्या बहुतेक जाहिरातींत ऑटोमेशन मागतात, म्हणजे फिरून कोडच. स्क्रम मास्टरचं, म्हणजे टीमच्या रोजच्या कामाची घडी बसवणाऱ्याचं, सर्टिफिकेट दोन दिवसांच्या वर्गात मिळतं, आणि जे दोन दिवसांत मिळतं ते सगळ्यांकडे असतं. अनेक कंपन्यांनी ते काम टीम लीडच्याच गळ्यात घातलंय. प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचं स्वप्न सगळ्यांचं असतं, पण बाहेरून थेट त्या खुर्चीवर अनुभव नसलेल्याला क्वचितच बसवतात. सपोर्टमधून किंवा बिझनेस अ‍ॅनालिस्टच्या कामातून, त्याच कंपनीच्या आतून लोक तिथं पोचतात. डेटा अ‍ॅनालिस्टला एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायची भाषा, रोज लागतं. जावा नको पण क्वेरी लिहायला मजा येते, अशी माणसं मी पाहिलीत, त्यांनी जरूर जावं. युएक्स डिझाइन, म्हणजे वापरणाऱ्याला सोपी जाईल अशी स्क्रीन आखणं, ही वेगळी कला आहे, आधीपासून हात त्यात असेल तरच.

टेक्निकल रायटिंगबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते, कारण लोक ते विसरतात. जागा कमी असतात हे खरं, पण घरून करता येण्यासारखं यापेक्षा चांगलं काम थोडंच आहे. एपीआयची (दोन सॉफ्टवेअर एकमेकांशी जोडायच्या सोयीची) माहितीपत्रकं लिहिणाऱ्याला कोड वाचता यावा लागतो, बदलांची नोंद ठेवणारं गिट वापरावं लागतं, मार्कडाउन या साध्या खुणांच्या पद्धतीत लिहावं लागतं. हे तिन्ही तुम्हाला येतंय. इंग्रजी साधं आणि नेमकं हवं, नटवं नको. ज्यांना माणसांपेक्षा कागद बरा वाटतो त्यांनी हे पाहावं.

माहिती सुरक्षेतलं नियमपालनाचं कामही वाढतंय. आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या मानकाचे ऑडिट, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, कुणाला कुठला अ‍ॅक्सेस आहे याचे पुरावे गोळा करणं. रुक्ष आहे, पण चिकाटीच्या माणसाला मानवतं. प्रीसेल्स म्हणजे विक्रीच्या आधीचे डेमो. त्यात बोलघेवडेपणा आणि प्रवास दोन्ही हवं.

राहिलं माझं काम: फंक्शनल कन्सल्टंट, इम्प्लिमेंटेशन, बिझनेस अ‍ॅनालिस्ट. नावं तीन, गाभा एकच. कुणाचा तरी धंदा समजून घ्यायचा आणि तो सॉफ्टवेअरवाल्यांना कळेल असा लिहून द्यायचा. कोल्हापूरच्या माणसाला मी हेच सुचवते. कोड सोडल्यावर हातात दुसरं काय उरतं, या प्रश्नाला ‘कम्युनिकेशन स्किल’ हे उत्तर पुरत नाही. एखाद्या धंद्याची आतली माहिती हे उत्तर पुरतं, आणि ती तुमच्या घरापासून दहा-पंधरा किलोमीटरवर पडलेली आहे.

फाउंड्रीचंच घ्या. इथली कास्टिंग ट्रॅक्टरमध्ये, ट्रकमध्ये, पंपात, व्हॉल्व्हमध्ये जातात. बाजारातलं सर्वसाधारण ईआरपी जोडणीचा धंदा डोळ्यांपुढे ठेवून केलेलं असतं: इतके सुटे भाग घेतले, जोडले, एक वस्तू झाली. फाउंड्रीत भट्टीच्या एका हीटमधून, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूतून, चार वेगवेगळ्या पार्टचे साचे भरतात. ओतलेल्या धातूतला बराच भाग रनर-रायझर (साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटांत गोठलेला धातू) म्हणून तुटून पुन्हा भट्टीत जातो. तो कच्चा माल धरायचा की भंगार? कुठल्या दरानं? ऑर्डर नगावर आणि दर किलोवर असेल तर बिल कुठल्या वजनावर करायचं, ड्रॉइंगवरच्या की काट्यावरच्या? कास्टिंगच्या पोटातलं ब्लोहोल, म्हणजे हवेची पोकळी, बऱ्याचदा ग्राहकाकडे मशिनिंग करताना उघडं पडतं, म्हणजे माल गेल्यावर महिन्याभरानं. त्या वेळी कास्टिंगवरच्या हीट नंबरवरून त्या हीटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट (धातूत काय किती आहे याची तपासणी) निघाला पाहिजे, आणि त्याच हीटमधले बाकीचे नग कुणाकुणाकडे गेले तेही.

हे प्रश्न पुण्या-बेंगळुरूच्या हुशार डेव्हलपरला सुचत नाहीत. त्यात त्याचा दोष नाही, तो भट्टीशेजारी उभा राहिलेला नाही. एका फाउंड्रीत मी उत्पादनाची स्क्रीन दाखवत होते, पाळीप्रमाणे एकूण टन वगैरे. वितळणीचा सुपरवायझर गप्प ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मॅडम, लाईट गेली की हीट भट्टीतच ऱ्हात्या. तवर पाळी बदलत्या. मग ती कुणाच्या नावावर धरायची?” तिथल्या बोनसचा हिशेब पाळीच्या टनावर होता. त्या एका प्रश्नावर स्क्रीन बदलली.

शॉपफ्लोअरवर गेलात की आधी रजिस्टर मागा. छापील रकान्यांच्या शेजारी कुणीतरी पेनानं आखलेला जादाचा रकाना असतो. छापणाऱ्याला जे सुचलं नव्हतं आणि काम करणाऱ्याला ज्यावाचून चालत नव्हतं, ते त्यात असतं. माझ्या मते अख्ख्या कारखान्यातली सगळ्यात मोलाची जागा तीच. त्या रकान्याबद्दल जो विचारतो, त्याच्याशी माणसं मोकळं बोलायला लागतात.

फाउंड्री नको असेल तर साखर आहे. ऊसनोंद, तोडणी प्रोग्राम, चिटबॉय (शेतावर तोडणीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस), वजनकाटा, तोडणी-वाहतुकीच्या कपाती, सोसायटीची वसुली, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत द्यायची रक्कम. दूध आहे: फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) आणि दर दहा दिवसांचं बिल. इचलकरंजीचा यंत्रमाग आहे, हुपरीची चांदी आहे. तुमच्या घरात, गल्लीत, मामाकडे यातलं काही ना काही असणारच. जे सहज मिळतंय ते धरा. चार धंद्यांचं वरवरचं ज्ञान नको, एकाचं पोटात शिरून.

कायद्याचे बदलही आमच्याकडे कामच आणतात. ई-इनव्हॉइस, म्हणजे प्रत्येक बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदवणं, १ ऑक्टोबर २०२० ला ५०० कोटींवर उलाढाल असलेल्यांपासून सुरू झालं आणि टप्प्याटप्प्यानं उतरत १ ऑगस्ट २०२३ ला ५ कोटींवर आलं. प्रत्येक टप्प्यात आमच्या एमआयडीसीतले आणखी काही कारखाने त्यात आले. पोर्टलशी जोडणारा कोड तयारच होता. काम होतं ते ग्राहकांच्या यादीतले चुकीचे जीएसटी नंबर आणि पिनकोड, आयटमवरचे गोलमाल एचएसएन कोड (जीएसटीतले मालाच्या वर्गवारीचे आकडे) दुरुस्त करून घ्यायचं. पोर्टलनं बिल नाकारलं आणि भरलेला ट्रक गेटवर उभा आहे, तर निर्णय कोण घेणार, हेही कुणीतरी आधी लिहून ठेवावं लागतं. जॉबवर्कचं, म्हणजे बाहेरून करून घ्यायच्या कामाचं, तसंच. मशिनिंगला उद्यमनगरात चलनावर पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही, तर जीएसटीत तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरतात. मग प्रत्येक चलनाचं वय सिस्टीमनं सांगायला नको का?

लिहिण्याचा नमुना देते, म्हणजे हे काम कसं असतं ते कळेल. नवखा अ‍ॅनालिस्ट लिहितो: “रिजेक्शनची नोंद घेण्याची सोय असावी.” याचं डेव्हलपर काय करणार? तुम्हीच डेव्हलपर आहात, अशी वाक्यं वाचून तुम्हीही कपाळाला हात लावला असेल. तेच असं लिहायचं: “ग्राहकाकडून कास्टिंग परत आलं की स्टोअरचा माणूस मूळ बिल नंबर आणि कास्टिंगवरचा हीट नंबर टाकेल. त्या बिलात तो हीट नंबर गेलाच नसेल तर नोंद पुढं जाणार नाही, क्वालिटी विभागाकडे मंजुरीला जाईल. हीट नंबर घासला गेला असेल तर ‘वाचता येत नाही’ असा पर्याय असेल आणि फोटो सक्तीचा राहील. मंजूर झालेलं वजन भंगारसाठ्यात जाईल. ग्राहकाच्या डेबिट नोटमधला मशिनिंगचा खर्च वेगळा दिसेल.” तिसरं वाक्य पाहा. ते फक्त शॉपफ्लोअरवर उभं राहूनच लिहिता येतं.

आता कसं वळायचं. काम, कंपनी आणि गाव, तिन्ही एकदम बदलू नका. आहे त्याच कंपनीत आधी काम बदलून पाहा. मॅनेजरला सांगा की पुढच्या रिलीजची युएटी (वापरणाऱ्यांकडून करून घ्यायची शेवटची चाचणी) मी चालवतो, क्लायंट कॉलची टिपणं मी लिहितो, डेमो मी देतो. नाही म्हणणारा मॅनेजर विरळाच, कारण ही कामं कुणालाच नको असतात. दोन-तीन रिलीज असं केलंत की बायोडेटात लिहायला खरं काहीतरी येतं आणि आपल्याला हे झेपतंय का तेही कळतं. ऑफिसात परत जावं लागलं तर या काळापुरतं जा. पुणं काही लांब नाही, शनिवार-रविवार घरी येता येतं.

त्याच शनिवार-रविवारी, ओळखीतल्या एखाद्या कारखान्यात किंवा दूध संस्थेत परवानगी घेऊन बसा. त्यांचं एकच काम निवडा, उदाहरणार्थ जॉबवर्कला माल जाणं-येणं. आज कसं चालतं, कुठं अडतं, कसं चालावं, हे चार-पाच पानांत लिहा. सोबत एक साधी आकृती आणि वरच्यासारख्या दहाबारा अटी. नावं, दर, ग्राहक काढून टाका, लोकांचा धंदा आहे तो. मुलाखतीत हे कागद पुढं ठेवणारा उमेदवार मला सर्टिफिकेटांची फाईल आणणाऱ्यापेक्षा केव्हाही चालतो. “कोडिंग का सोडताय” हे विचारतीलच. तेव्हा “आवडत नाही” म्हणू नका. त्या कागदांवर बोट ठेवून सांगा की मला या टोकाचं काम करायचंय, आणि डेव्हलपरशी त्याच्या भाषेत बोलता येतं ही माझी जमेची बाजू आहे. ती खरंच आहे. लॉग वाचणं, एसक्यूएल चालवून चुकीचा आकडा कुठून आला ते शोधणं, अमुक बदल दोन तासांचा आहे की दोन आठवड्यांचा याचा अंदाज, हे आमच्यातल्या अनेकांना जमत नाही. ते विसरू नका आणि गंजूही देऊ नका.

एआयच्या भीतीबद्दल स्पष्टच सांगते. ती टाळायला कोड सोडत असाल तर जागा चुकली. टेस्ट केस, मीटिंगची टिपणं, रिक्वायरमेंटचे मसुदे, सपोर्टची उत्तरं, हे सगळं तीच साधनं आज लिहितायत आणि बरं लिहितायत. आमच्या टीममध्ये पहिला मसुदा आता बहुतेक वेळा असाच तयार होतो. पण भट्टीतल्या हीटचा आणि पाळीचा प्रश्न त्या मसुद्यात येत नाही, कारण तो कुठं लिहिलेलाच नसतो. नुसतं दुसऱ्याचं बोलणं टिपून घेणारा अ‍ॅनालिस्ट डेव्हलपरच्या आधी जाईल, असं माझं मत आहे.

कोल्हापूरचं म्हणाल तर इथल्या सॉफ्टवेअर कंपन्या बहुतेक लहान आहेत. पगार पुण्याएवढा नाही, पण वर्षभरात तुम्ही विक्री, बसवणी, ट्रेनिंग, सपोर्ट सगळ्याला हात लावता. पुण्या-मुंबईच्या ईआरपी कंपन्यांना या पट्ट्यात राहणारी, गरज पडली तर तासाभरात कारखान्यात पोचणारी माणसं लागतात. हा मार्ग लोक फारसा विचारात घेत नाहीत, तुम्ही घ्या. घरून काम मात्र या क्षेत्रात अर्धंमुर्धंच मिळतं. गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टीम प्रत्यक्ष सुरू होण्याच्या, आठवड्यात मुक्काम क्लायंटकडेच असतो आणि मार्चअखेर सुट्टी मागायची नसते. हे घरात आधी बोलून घ्या.

पगाराचा आकडा मी देत नाही, कंपनीगणिक फार फरक पडतो. पण आतल्या आत काम बदललंत तर पगार सहसा तोच राहतो, फक्त पुढची वाढ एक-दोन वर्षं रेंगाळते. बाहेर पडून नव्या कामाला गेलात तर पाच वर्षांचा अनुभव पूर्ण धरत नाहीत, दोन-तीन वर्षांचा धरतात. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय राजीनामा देऊ नका, आणि घराचा हप्ता चालू असेल तर आतूनच वळा.

शेवटी कोर्स. ‘तीन महिन्यांत सॅप, नोकरीची हमी’ अशा जाहिराती दिसतील. सॅप हे मोठ्या कंपन्यांतलं ईआरपी, आणि त्याला मागणी आहे हे खोटं नाही. त्याच्या जुन्या ईसीसी आवृत्तीचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतोय, त्यामुळे कंपन्या नव्या एस/४हानाकडे चालल्यात. पण मटेरियल किंवा प्रॉडक्शन प्लॅनिंगचं मॉड्यूल शिकून, कारखान्यातली स्टोअर कधी न पाहिलेला माणूस मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. काही क्लासवाले खोटा अनुभव लिहून देतात, त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. पार्श्वभूमी तपासताना कंपन्या प्रॉव्हिडंट फंडाच्या यूएएन या खाते क्रमांकावरून नोकऱ्यांचा इतिहास पाहतात आणि सापडलात तर ऑफर जाते. पीएमपी या प्रकल्प व्यवस्थापनाच्या सर्टिफिकेटला पदवीधरांसाठी प्रकल्प चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, म्हणजे आत्ता तुमच्या उपयोगाचं नाही. बिझनेस अ‍ॅनालिसिसमधलं सीबीएपी हे सर्टिफिकेट तर ७,५०० तासांच्या कामानंतर. सीबीएपी देणाऱ्या संस्थेचंच ईसीबीए हे सुरुवातीचं सर्टिफिकेट अनुभवाविना मिळवता येतं. शब्दसंग्रह तयार व्हायला ते बरं, नोकरी त्यानं मिळत नाही. जीएसटी आणि हिशेबाची मूलतत्त्वं मात्र जरूर शिका. नावे-जमा कळत नसेल तर अकाउंट्सवाले तुम्हाला पहिल्याच दिवशी गुंडाळून ठेवतात. आणि युएटी, क्लायंट कॉल, टिपणं यांवर घालवलेले तास तारखेसह एका वहीत लिहीत चला. पुढं सीबीएपीचा अर्ज भरताना ते मागतात, आणि त्या वेळी आठवत नाहीत.